काढेल व्हतं

त्या कादंबरीच्या २११ व्या पानावर मी थांबले, ती दोन दिवस पुढे गेलेच नाही. वैशाख होता. धुळ्यात रात्री अकरालाही गच्चीची फरशी तळपायाला चटके देत होती, आणि मी पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन एका अमेरिकन शहरातल्या कोर्टात बसले होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक म्हातारा दुकानदार उभा. सरकारी वकील विचारतो, हे पाकीट तुमच्यासमोर सील केलं ना? म्हातारा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आधी स्वतःच्या हातांकडे बघतो. मग सांगतो, माझ्याकडे सहीला आणलं तेव्हा ते सील केलेलंच होतं.

मी पुस्तक पालथं घातलं. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अहिराणीत, आमच्या खान्देशी बोलीत, माझ्या वडलांच्या तोंडून.

कादंबरीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिचा शेवट सांगावा लागणार आहे, आणि ज्यांना ती वाचायची असेल त्यांचा आनंद मला घालवायचा नाही. लेखक पोलीस खात्यातला माणूस. आधी गस्तीवरचा शिपाई, मग गुन्ह्यांचा तपास करणारा अधिकारी, शेवटची काही वर्षं सरकारी वकिलांच्या कचेरीत. निवृत्त झाल्यावर लिहायला बसला. माझा भाचा सुट्टीत आला तेव्हा गाडीत वाचून झालेलं हे पुस्तक इथेच ठेवून गेला.

खात्यातल्या माणसानं लेखणी उचलणं तसं जुनं आहे. फ्रान्समधला विदोक आधी स्वतःच गुन्हेगार होता, पुढे पॅरिसच्या गुन्हे तपास पोलिसांचा प्रमुख झाला आणि १८२८ मध्ये त्याच्या आठवणी छापून आल्या. कलकत्त्याच्या पोलिसांतले प्रियनाथ मुखोपाध्याय १८९२ पासून आपल्या नोकरीतल्या तपासकथा बंगालीत महिन्याच्या महिन्याला काढत होते. आमच्या गावच्या वाचनालयात मात्र आम्हाला भेटले ते बाबूराव अर्नाळकर. झुंजार आणि काळा पहाड. हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसानं, आणि मे महिन्याच्या दुपारी ओसरीवर गोणपाट ओलं करून टांगलेलं असताना आम्ही भावंडांनी ती पोथीसारखी वाचली. माझं वाचन त्यांच्यामुळे सुरू झालं, हे मी आजही कुणालाही सांगते. त्या गोष्टींत चोर सापडला की गोष्ट संपायची. पुढे त्याचं काय झालं, कुणी काय सिद्ध केलं, हे विचारायचं आमच्या कधी मनातही आलं नाही.

या पुस्तकात मारेकरी पन्नासाव्या पानावर सापडतो. तपास अधिकाऱ्याला खात्री पटते, वाचकालाही पटते. उरलेली साडेतीनशे पानं ती खात्री कागदावर आणण्यात जातात.

आणि इथेच हा लेखक आतला आहे हे कळतं. पिस्तुलं, पाठलाग यांचं त्याला फारसं अप्रूप नाही. तो पानंच्या पानं लिहितो ती पुरावा ठेवायच्या खोलीतल्या रजिस्टरवर. कुणी कुठली वस्तू किती वाजता बाहेर काढली, परत कधी ठेवली, मधल्या चाळीस मिनिटांत ती कुणाच्या टेबलावर होती. एका पाकिटावर सहीची शाई काळी आणि तारखेची निळी. कोर्टाच्या व्हरांड्यात लागोपाठ तीन दिवस डबा घेऊन येणारी एक बाई आहे. तिची साक्ष होतच नाही, आणि चौथ्या दिवशी ती येत नाही. बाहेरून गोष्ट रचणाऱ्यानं ही बाई गाळली असती. या लेखकाला ती गाळता येत नाही, कारण अशा बायकांच्या दारात जाऊन त्यांना पुन्हा एकदा या म्हणून विनवण्याचं काम त्यानं वर्षानुवर्षं केलेलं आहे. कादंबरीतलं मला सगळ्यात आवडलेलं पान ते.

गोष्टीचा पेच एवढाच. खुनाच्या रात्री आरोपी एका दुकानात होता, हे दाखवणारी पावत्यांची पट्टी अधिकारी ताब्यात घेतो. घाईत ती खिशात ठेवतो, दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून सील करतो आणि मग दुकानदाराची सही आणतो. अहवालात लिहितो, दुकानातच सील केली. पट्टी खरी. तिच्यावरची वेळ खरी. कागदावरचं ते एक वाक्य खोटं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये सांगून ठेवलंय की आरोपीच्या बाजूचा पुरावा सरकारी वकिलाजवळ असेल तर तो आरोपीला द्यावाच लागतो. म्हणजे अधिकाऱ्यानं आपल्या वकिलाला खरं सांगितलं की ते पलीकडे जाणार, आणि नाही सांगितलं तर रोज त्या रजिस्टरसमोरून जाताना त्याच्या पोटात गोळा येणार. शंभर पानं तो गोळा घेऊन तो फिरतो. मी तेवढी पानं एका बैठकीत वाचली.

आता नानांचं, माझ्या वडलांचं, सांगते.

आमचं गाव बोरी नदीच्या काठचं. नानांचं किराण्याचं दुकान. साल १९९१. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीतून कापून नेली. केबल जाळून आतली तांब्याची तार विकायची, हे तेव्हाही चालायचं आणि आजही चालतं. मे महिन्यात लावलेली बागायती कपाशी नुकती दोन पानांवर आली होती. नवी केबल येईस्तोवर आठ दिवस गेले, आणि त्या उन्हात आठ दिवस म्हणजे पीक गेलंच. संशय गेला तो त्यांच्याच जुन्या सालदारावर. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं, नवं ठरतं. या पोराचं साल त्या आखाजीला मालकानं पुढे धरलं नव्हतं. म्हणून रागानं त्यानंच केलं असणार, असं गाव बोलू लागलं. तीन दिवसांनी पोलिसांनी त्याला उचललं.

सकाळी जमादार दुकानावर आले. नाना, जरा चला, दोन सह्यांचं काम आहे. नाना तराजू तसाच टाकून गेले. नाल्याच्या काठी बाभळीखाली जीप उभी, पोरगा उकिडवा बसलेला, शेजारी जळक्या तारेचं पोतं. रायटर, म्हणजे ठाण्यातली लिखापढी करणारा पोलीस, मांडीवर पॅड घेऊन लिहीत होता. नानांनी सही केली, दुसऱ्या पंचानं केली, आणि नाना परत येऊन गिऱ्हाईक करू लागले. कागद त्यांनी वाचला नाही. रायटरनं वाचून दाखवला नाही. शेवटी मात्र ठरलेलं वाक्य होतंच: पंचनामा आमचे समक्ष लिहिला, तो आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे.

अमेरिकेत आपल्यासारखे पंच नसतात. झडतीला त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर ठेवायचे, हा आपल्याकडचा नियम. पोलिसांवर भरवसा कमी म्हणून तो आला, आणि पोलिसांजवळ दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हा नियमही त्याच पोटातून आला. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५. मारून, उपाशी ठेवून कबुली काढतात हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक होतं. त्याला एकच खिडकी ठेवली, कलम २७. आरोपी म्हणाला की मी अमुक जागा दाखवतो, आणि त्याप्रमाणे तिथून वस्तू निघाली, तर त्याच्या बोलण्याचा तेवढाच भाग वाचता येतो. १९४६ च्या डिसेंबरात पुलुकुरी कोट्टय्याच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या कोर्टानं, या खिडकीचं माप ठरवून दिलं, आणि आजही त्याच मापानं कोर्टं चालतात. पण खिडकी उघडायची तर वस्तू आरोपीच्या सांगण्यावरूनच निघालेली हवी. आधीच निघालेली वस्तू दाखवून काही उपयोग नाही. नानांनी सही केलेल्या कागदात लिहिलं होतं की आरोपीनं पंचांसमक्ष पुढे चालत जाऊन, झुडपाखालची माती हातानं उकरून, पोतं काढून दिलं.

समन्स सहा वर्षांनी आलं. १९९७ मध्ये. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टी होती, नानांबरोबर गेले. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली त्या पोराची आई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. पोरगा आता पोरगा राहिला नव्हता, त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. सहा वर्षं तो तारखा करत होता.

सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीनं तुमच्यासमोर पोतं काढून दिलं, बरोबर? नानांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवले. घरी दारी आम्ही सगळे अहिराणीच बोलायचो. घाबरले की नाना तिच्यातच जायचे.

"मी उनू तवय पोतं काढेल व्हतं, साहेब."

न्यायाधीश खान्देशाबाहेरचे होते. त्यांनी मान वर केली. काय म्हणाले हे? नानांनी मराठीत पुन्हा सांगितलं, मी आलो तेव्हा पोतं आधीच काढलेलं होतं.

काढून दिलं आणि काढेल व्हतं. क्रियापद एकच. एकात ते पोरगं उठतं, चालतं, माती उकरतं. दुसऱ्यात ते नुसतं बाभळीखाली बसलेलं आहे. ग्रियर्सननं भारतीय भाषांच्या पाहणीत, १९०७ च्या खंडात, खान्देशी बोलीला भिल्ली भाषांबरोबर वेगळं घातलं, मराठीच्या खंडात नाही. त्यावर विद्वानांचा वाद असेल तो असो. त्या दिवशी ‘काढेल’मधल्या ‘एल’वर एक फौजदारी खटला उभा होता, आणि तो प्रत्यय त्या खोलीत सगळ्यांच्या आधी कळला तो आरोपीला. त्यानं झटकन नानांकडे बघितलं.

पुढचं भराभर झालं. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर जाहीर केला आणि उलटतपास घेतला. आरोपी तुमच्या ओळखीचा आहे, त्याला वाचवायला तुम्ही खोटं सांगताय, असं नानांना विचारलं. आरोपीच्या वकिलांनी, काळ्या कोटाला कोपरावर ठिगळ असलेला किडकिडीत माणूस तो, फक्त चार प्रश्न विचारले आणि खाली बसले. पंचनाम्यात तसं का लिहिलंय, या प्रश्नाला नानांनी जे उत्तर दिलं ते कोर्टात रोज शंभर साक्षीदार देतात: त्याचं कारण मी सांगू शकत नाही. त्यांना ते सांगता येत होतं. मी वाचलं नाही, दुकान उघडं होतं. ते त्यांनी मला बस स्टँडवर सांगितलं, उसाचा रस पिताना.

पोरगा सुटला. संशयाचा फायदा देऊन. शेजारच्या काकांनी दुसऱ्या दुकानातून किराणा न्यायला सुरुवात केली आणि नानांशी बोलणं सोडलं. त्यांची चूक नव्हती. त्यांची कपाशी खरोखर जळली होती, केबल खरोखर गेली होती, आणि भरपाई त्यांना कुणीच दिली नाही. नानांना त्याहून लागला तो शब्द. फितूर. इतिहासाच्या पुस्तकात किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणाऱ्याला फितूर म्हणतात. कायद्याच्या मराठीत तो शब्द सहज वापरला जातो, पण ज्याच्यावर पडतो त्याच्यावर तो सगळ्या इतिहासासकट पडतो. गावात कुणी हसत हसतही ‘फितूर’ म्हटलं की नाना उठून आत जायचे. एकदाच, आईला, तेही कितीतरी वर्षांनी, म्हणाले होते, "मी जे दखं ते सांगं. जे नही दखं ते कसं सांगू?"

पोलिसांवरचा माझा राग त्या दिवसापासूनचा. म्हणूनच पोलिसानं लिहिलेल्या कादंबरीत मी अडकले, याचं मला फार नवल वाटलं.

इथे धुळ्यात आमच्या शेजारी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. पुष्कळ वर्षं त्यांनी रायटरकी केली. २११ व्या पानाची गोष्ट मी त्यांना सांगितली, आणि मग नानांचीही. ते बराच वेळ झोपाळ्याची कडी धरून बसले.

"ताई, तुमच्या नानांनी केलं ते बरोबर केलं," ते म्हणाले. "पण रायटरचं पण ऐका. रात्री दोनला पोरगा बोलतो, माल अमुक नाल्यात आहे. दोन वाजता तुमच्या दारात कोण प्रतिष्ठित गृहस्थ उठून येईल सांगा? सकाळपर्यंत थांबलो तर त्याचा जोडीदार माल हलवणार. मग जाऊन आणायचा, परत तिथे ठेवायचा, आणि उजाडल्यावर पंच बोलवायचे. माल तर खराच ना."

"आणि तो बोलला कशामुळे, काका? रात्री दोनला?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सगळ्यांनी मारलं नाही. काहींनी मारलं. लिहिलं मात्र सगळ्यांचं मीच." मग त्यांनी स्वतःहून जबाबांचं काढलं. बाई अहिराणीत रडत रडत सांगणार, आणि हे लिहिणार, ‘मी वरील ठिकाणी राहण्यास असून शेती करून उपजीविका करते.’ तिनं असं आयुष्यात कधी बोललेलं नसतं. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असा कायदाच आहे. त्यामुळे तिच्या नावावर काय लिहिलं गेलं ते तिला पहिल्यांदा कळतं ते पिंजऱ्यात, वकील तिला खोटं पाडायला तोच कागद वाचतो तेव्हा.

मी त्या कादंबरीबद्दल त्यांना एक तक्रार सांगितली, तीच इथे सांगते. लेखकाला आपली माणसं फार प्रिय आहेत. अधिकारी, त्याचा जोडीदार, रजिस्टर सांभाळणारी बाई, सगळी जिवंत. पण आरोपीला घर नाही, आई नाही. आरोपीचा वकील नुसता हुशार आणि गुळगुळीत. चारशे पानांत त्याच्या कोटाचं कोपर एकदाही दिसत नाही. आतला माणूस आतलं दाखवतो हे खरं, पण तो ज्या दारानं आत गेला तेच दार त्याला शेवटपर्यंत दिसत राहतं. कडुलिंबाखालची बाई त्याच्या पुस्तकात येत नाही, आणि तिच्यावाचून ते मला अर्धं वाटलं.

शेवटाला मात्र तो कचरला नाही. अधिकारी आपल्या वकिलाला खरं सांगतो, वकील पलीकडे कळवतो, पट्टी बाद होते. बारा जणांची ज्युरी आरोपीला सोडते. खून त्यानंच केलेला आहे हे त्या खोलीत दोघांना पक्कं ठाऊक असतं, आणि लेखक कुठलीही पळवाट काढत नाही. दुसऱ्या गुन्ह्यात अडकवत नाही, अपघातात मारत नाही. मेलेल्या मुलीचे वडील व्हरांड्यात अधिकाऱ्याच्या शेजारून जातात आणि त्याच्याकडे बघत नाहीत. ते पान वाचताना मला गावचे ते कपाशी जळलेले काका आठवले, आमच्या दुकानासमोरून पिशवी घेऊन पुढे जाणारे. आणि त्या रायटरबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला प्रश्न पडला, की निकाल ऐकून तो त्या रात्री घरी जाऊन जेवला असेल का. राग गेला असं नाही. पण रागाच्या पलीकडे आता एक माणूस बसलेला दिसतो, मांडीवर पॅड घेतलेला.

‘असू शकेल’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांच्यामधलं अंतर लांब आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये शिवाजी बोबडे यांच्या खटल्यात म्हटलं. पुढे १९८४ मध्ये पुण्याच्या सारडा खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना पंचशील म्हटलं. काकांनी हे मला पाठ म्हणून दाखवलं. बढतीच्या परीक्षेला होतं, म्हणाले. कायद्याच्या मोठमोठ्या निकालांतही शेवटी क्रियापदाचाच प्रश्न असतो, हे मला नानांच्या साक्षीनंतर पंचवीस-तीस वर्षांनी एका अमेरिकन पोलिसाचं पुस्तक वाचून उमगलं.

१ जुलै २०२४ पासून कायदे बदलले. पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, जुनी २५, २६, २७ ही कलमं आता एकाच कलम २३ मध्ये आहेत. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. काका म्हणाले, आता मोबाईल बोलेल, पंच नाही बोलले तरी. मी त्यांना विचारलं, मोबाईल सुरू कधी केला हे कोण सांगेल? ते हसले नाहीत. म्हणाले, "ते सांगायला कुणीतरी तिथे उभं पाहिजे, ताई."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गावी गेले. नाना जाऊन चार वर्षं झाली. दुकानाच्या वह्या अजून पत्र्याच्या पेटीत आहेत, उधारीच्या, बाजारहाटाच्या. आईला ती पेटी रिकामी करून हवी होती, बिबड्या ठेवायला. तळाशी, जुन्या पंचांगाच्या घडीत, कोर्टाच्या शिक्क्याचे तीन टंकलिखित कागद निघाले. नानांनी आपल्या साक्षीची नक्कल काढून आणली होती. कोर्ट फी स्टॅम्प लावून, अर्ज करून, घरात कुणालाही न सांगता. तारीख साक्षीनंतर वीस दिवसांची. म्हणजे तालुक्याला पुन्हा एक खेप, दुकान बंद ठेवून.

या वेळी कागद त्यांनी वाचलेला होता. दुसऱ्या पानावर एका ओळीखाली दुकानातल्या जाड पेन्सिलीनं रेघ ओढलेली आहे, पट्टी न लावता, जरा तिरकी: ‘मी गेलो त्यावेळी पोते अगोदरच काढलेले होते.’ आणि समासात, त्या बारीक वळणदार अक्षरात, ज्यात ते वहीवर जमा झालेली उधारी टिपायचे, एकच शब्द आहे: बरोबर.